दुसरी पुडी

"कात्री आणा रे कुणीतरी! कात्री!"

मद्रासहून आलेला असिस्टंट टाळ्या वाजवत ओरडला, आणि अम्मन देवीच्या देवळापुढे जमलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. पाटावर बसलेल्या सेंबगमने दोन्ही हात गळ्याशी नेले आणि हळकुंड बांधलेला पिवळा दोरा मुठीत घट्ट धरला.

"अहो ताई, नुसता दोरा कापायचाय," असिस्टंट म्हणाला. "गाठ कॅमेऱ्यात नीट आली नाही. परत बांधायची, परत शॉट घ्यायचा. झालं."

"कापतोस?" गर्दीतून माडत्ती पुढे आली. उंच, हाडकुळी बाई. बोलताना मान हलवायची तिची सवय होती, पण आत्ता मान ताठ होती. "कुणाच्या जिवावर कापतोस रे? ज्याने बांधला तो माझा मुलगा जिताजागता उभा आहे समोर. नवरा मेला की बाईचा दोरा कापतात. तुझ्या मद्रासला काय करतात मला ठाऊक नाही."

असिस्टंट हसला. आजूबाजूला कुणीच हसत नाही हे पाहून गप्प झाला.

देवळाच्या पायरीशी फुलांची टोपली घेऊन आवुडै बसली होती. गजरा बांधता बांधता तिचे हात थांबले. अठ्ठावन्न वर्षांच्या त्या हातांना थांबायची सवय नव्हती. चाळीस वर्षं केळीच्या सोपाच्या धाग्यात ते फुलं बांधत होते. बाई गप्पा मारायची, भांडायची, पेंगायची, हात चालूच असायचे.

सिनेमाच्या कंपनीला पुळियंकुळम गावात येऊन वीस दिवस झाले होते. सिनेमा खेड्यातल्याच प्रेमाचा होता: जमीनदाराची मुलगी आणि गाडीवान. हिरॉइनच्या वेणीला रोज चार हात मोगरा आवुडैनेच पुरवला होता. आता लग्नाचा एवढा एक सीन उरला होता आणि हिरॉइन ताप येऊन मद्रासला परतली होती. हिरोही दुसऱ्या सिनेमासाठी निघून गेला होता. डायरेक्टर म्हणाला, चेहरे नकोतच. एक मान आणि दोन हात मिळाले की भागेल.

मान सेंबगमची निघाली. तिचे वडील शंकरपांडी चहाच्या दुकानात दोन दिवस सांगत होते, "अहो, नुसती मानच तर दिसणार आहे. त्याच्याने काय मुलीला डाग लागतो?" हात निघाले माडत्तीच्या मुलाचे, सुडलैमुत्तूचे. सुडलै लहानपणी ताडगुळाच्या उकळत्या काहिलीवर पडला होता. गालापासून कानापर्यंतची कातडी आक्रसलेली. छत्तिसाव्या वर्षीही लग्न नाही. तीन ठिकाणी बोलणी झाली, तिन्ही ठिकाणच्या मुली दारातून बघून आत गेल्या. हात मात्र देखणे, लांब बोटांचे. म्हणून कंपनीने हातच घेतले.

पुढचं सगळं सवयीने झालं. कंपनीचं खोटं मंगळसूत्र कपड्यांच्या पेटीबरोबर दुसऱ्याच गाडीतून निघून गेलं होतं. त्यांचा खोळंबा नको, म्हणून पुजाऱ्याने गरिबांच्या लग्नासाठी देवीच्या पायाशी ठेवलेला हळकुंडाचा दोरा काढून दिला. दोरा वर उचललेला दिसताच वाजंत्रीवाल्यांनी, कुणी न सांगता, मुहूर्ताचा दणका सुरू केला. बायकांनी अक्षता टाकल्या. सुडलैने पहिली गाठ मारली आणि त्याची बोटं थरथरायला लागली. तशी मागे उभी असलेली त्याची बहीण वाकली आणि तिने उरलेल्या दोन गाठी मारल्या. पहिली गाठ नवऱ्याची, पुढच्या दोन नणंदेच्या. गावातल्या प्रत्येक लग्नात ती हेच बघत आली होती. असिस्टंट "अहो, तुम्ही कोण, बाजूला व्हा" म्हणेपर्यंत तिसरी गाठ पडली होती.

आता ती बहीण खांबाआड तोंड लपवून रडत होती. "मला काय माहीत! माझे हात गेले आपोआप!"

"देवीने नेले तुझे हात," माडत्ती म्हणाली. "दोरा देवीचा, गाठी तीन, वाजंत्री वाजली, गावाने अक्षता टाकल्या. काय राहिलं आता? शंकरपांडी, तूच सांग काय राहिलं."

"अगं बाई, काय बोलतेस तू!" शंकरपांडींचा आवाज फाटला. "माझ्या मुलीचं लग्न ठरलंय. साखरपुडा झालाय. व्याही अकराच्या बसने येतायत, लग्नाच्या साडीचा रंग ठरवायला. आज, आत्ता!"

हे सगळ्यांना माहीत होतं. सेंबगमचं वेलुच्चामीशी ठरलं होतं. वेलुच्चामी सुरंडैच्या बसवर कंडक्टर होता. ठरलं होतं म्हणजे त्या दोघांनीच आधी ठरवलं होतं, आणि त्याची आई तीन वर्षांनी राजी झाली होती. ती बाई शकुनाची पक्की. वाटेत मांजर आडवं गेलं म्हणून तिने एकदा साखरपुडा पुढे ढकलला होता. तिला इथे काय दिसणार होतं?

"मग आधी मुलीला सांगायचं होतंस, मानसुद्धा देऊ नकोस म्हणून," माडत्ती म्हणाली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "मी काय तुझी मुलगी पळवायला बसलेय का रे? माझा एकच मुलगा आहे. जित्या माणसाच्या नावाचा दोरा कापला आणि उद्या त्याला काही झालं, तर कुणाच्या दारात जाऊन रडू?"

बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक माना माडत्तीकडे वळल्या होत्या.

सुडलै देवळाच्या भिंतीला पाठ लावून, गालाची भाजलेली बाजू भिंतीकडे करून उभा होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. सेंबगमलाही विचारलं नाही.

शेवटी पुजारी म्हणाला, "चूक माझी आहे. दोरा मी दिला. आता मी बोललो तर कुणीतरी म्हणेल पुजाऱ्याने पक्ष घेतला. देवीलाच विचारू. फूल लावू."

गर्दी जरा सैल झाली. पुळियंकुळममध्ये अडलेलं सगळं फुलावरच सुटायचं. विहीर कुठे खणायची, भावांची वाटणी कशी करायची, सगळं. दोन पुड्या, एकीत पांढरी फुलं, एकीत तांबडी. देवीपुढे ठेवायच्या आणि अजाण मुलाला एक उचलायला सांगायचं.

"पांढरी आली तर तो खेळ होता, गाठ सोडायची," पुजाऱ्याने मोठ्याने सांगितलं. "सोडायची, कापायची नाही, आणि दोरा देवीला परत. सुडलैच्या जिवाला धोका नाही, जबाबदारी देवीची. तांबडी आली तर गाठ खरी. मग सेंबगम माडत्तीच्या घरी जाईल. कबूल?"

"कबूल," माडत्ती म्हणाली.

शंकरपांडींनी रस्त्याकडे पाहिलं. मग मुलीकडे न बघता म्हणाले, "कबूल."

"आवुडै," पुजाऱ्याने हाक मारली. "ऊठ."

पुड्या नेहमी आवुडैच बांधायची. विहिरीवर आंघोळ करायची आणि ओलेत्याने, देवळामागे, एकटीने बसून बांधायच्या असा नियम. तिच्या पुड्या आजवर कुणाला ओळखता आल्या नव्हत्या. दोन्हीत पाचच फुलं. पांढरी तगरीची, तांबडी कण्हेरीची. मोगरा ती कधी घालायची नाही, वासावरून कळतं. पानं एकाच केळीच्या पानातून कापलेली, धाग्याला तितकेच वेढे. तळहातावर तोलून बघायची आणि जड वाटेल त्या पुडीच्या पानाची कड नखाने खुडायची.

टोपली घेऊन ती पाटाजवळून जात होती, तेव्हा सेंबगमने तिचं पातळ धरलं. गावातल्या पोरी आवुडैला आच्ची, म्हणजे आजी म्हणायच्या.

"आच्ची."

"सोड गं. मला शिवू नकोस आता."

"आच्ची, तीन वर्षं थांबले मी. तो पण थांबलाय."

"देवीला सांग. मला कशाला सांगतेस?" आवुडै म्हणाली आणि पातळ सोडवून घेतलं.

विहिरीचं पाणी गार होतं. तीन घागरी ओतून ती देवळामागच्या दगडावर बसली. पुढून माडत्तीचा आवाज येत होता. ती मोठमोठ्याने देवीला नवस बोलत होती. पोंगलचा नैवेद्य दाखवीन म्हणत होती, केस देईन म्हणत होती. आवुडैने पान फाडलं. पाच तगरी मोजल्या, पुडी बांधली, बाजूला ठेवली. पाच कण्हेरी मोजून दुसऱ्या पानावर ठेवल्या.

तिथे ती अडली.

अकरा वर्षांपूर्वी याच दगडावर तिने नवऱ्यासाठी पुड्या बांधल्या होत्या. त्याच्या पोटात गाठ होती. तिरुनेलवेलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आत्ता कापली तर जगेल. पोट कापायचं म्हणजे काय साधी गोष्ट? फूल लावलं. पांढरं आलं तर कापायचं, तांबडं आलं तर नाही. तांबडं आलं. नवरा दिवाळीच्या आत गेला. कुणी तिला बोल लावला नाही, तिनेही देवीला लावला नाही. देवीच्या मनात नव्हतं, असं ती म्हणायची आणि त्या आधारावर तिला झोप लागायची. पुड्या तिनेच बांधल्या होत्या. एक पांढरी, एक तांबडी, अगदी खऱ्या.

पुढून असिस्टंटचा आवाज आला. "किती वेळ लागेल हो? ऊन वर आलं की लाईट बदलतो."

आवुडैने पानावरच्या पाच कण्हेरी उचलल्या, टोपलीतल्या इतर तांबड्या फुलांत टाकल्या आणि त्या जागी पाच तगरी ठेवल्या. पान दुमडलं. धाग्याचे वेढे दिले.

हात इतका सहज गेला, की तिला त्याचीच भीती वाटली. एवढं सोपं होतं हे? हात एवढासा इकडचा तिकडे न्यायचा, आणि झालं? मग त्या दिवशी—

तिने तो विचार तिथेच तोडला, कारण तो पुरा केला असता तर ती दगडावरून उठू शकली नसती. दोन्ही पुड्या तळहातांवर तोलल्या. सवयीने एकीची कड खुडली. मग उठली.

पुड्या पितळेच्या ताटात देवीपुढे ठेवल्या गेल्या. पुजाऱ्याने ताट तीनदा फिरवलं. पुडी उचलायला शाळेच्या टीचरबाईंची चार वर्षांची मुलगी आणली होती. एवढी माणसं बघून ती रडवेली झाली. आवुडै तिच्याजवळ खाली बसली.

"घाबरायचं नाही हं. बोटं मोजता येतात ना तुला? मोज बरं."

"एक, दोन, तीन, पाच."

"आणि चार कुठे गेलं?"

मुलीने बोटाकडे पाहिलं. "चार इथे झोपलंय."

कुणीतरी हसलं आणि पटकन थांबलं.

"असू दे, झोपू दे त्याला. आता ताटातली एक पुडी उचल आणि आजोबांना दे."

मुलीने एका पुडीला बोट लावलं. मग दुसरीला लावलं. माडत्तीचे ओठ भराभर हलत होते. शंकरपांडींनी डोळे मिटले होते. मुलीने दोन्ही हात पुढे केले.

"दोन्ही नको गं बाळ, एकच," पुजारी म्हणाला.

मुलीने पहिली पुडी उचलली. पुजाऱ्याने धागा सोडला, पान उघडलं आणि हात उंच केला.

"पांढरी!"

सेंबगम पाटावरच पुढे वाकली आणि तिने कपाळ जमिनीला टेकवलं. बायकांनी जिभा हलवत कुलवईचा मंगल घोष केला. शंकरपांडी "आई, आई" म्हणत उभ्या उभ्या रडायला लागले.

"थांबा," माडत्ती म्हणाली. "दुसरी पुडी उघडा."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"उघडा म्हणतेय ना. तांबडी आहे का बघू द्या."

"माडत्ती, दुसरी पुडी कधी उघडत नाहीत," पुजारी म्हणाला. "ती न उघडता पाण्यात सोडायची असते. देवीने जे दिलं नाही, ते बघायचं नसतं."

"माझ्या पोराचं एकदाच फूल लावलंत. एकदाच! मला बघायचंय."

"उघडून बघायला काय जातंय?" मागून एक म्हातारा म्हणाला. "मनात किल्मिष कशाला?"

"हो, उघडा की," आणखी कुणी म्हणालं.

माडत्ती आवुडैकडे वळली. "तू बोल. तूच बांधल्यास. उघडायला तुझी हरकत आहे का?"

आवुडैच्या अंगावरचं ओलं पातळ उन्हात वाळत आलं होतं, तरी तिला हुडहुडी भरली. नाही म्हणावं तर संशय, हो म्हणावं तर सगळंच संपलं. चाळीस वर्षांत तिने बांधलेल्या प्रत्येक पुडीवर लोक थुंकतील. आणि सेंबगमचा दोरा तसाच गळ्यात राहील.

"उघडायची असेल तर उघड," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच दुरून आल्यासारखा वाटला. "पण मग याआधीच्या सगळ्याच उघडाव्या लागतील. तुझ्या पुतण्याची वाटणी, ह्याची विहीर. माझ्या नवऱ्याचीसुद्धा. कुठून आणायच्या त्या?"

म्हातारा खाली बघायला लागला. माडत्ती मात्र हलली नाही. तिने ताटाकडे हात नेला.

"आई."

सुडलै भिंतीपासून दूर झाला होता. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलत होता. भाजलेला गाल सगळ्यांना दिसत होता आणि त्याने तो वळवला नाही.

"आई, कंपनीने माझे हात मागितले होते. मला कुणी मागितलं नव्हतं. सोड आता."

"अरे, पण देवीने—"

"देवीने सांगितलं की. पांढरी आली."

तो पाटामागे जाऊन बसला. बहिणीला त्याने नुसतं बघून बोलावलं. ती डोळे पुसत आली आणि तिने तिच्या दोन गाठी सोडल्या. पहिली गाठ त्याची. ती त्याने सोडली, हळूहळू, सेंबगमच्या मानेला बोट लागू न देता. कॅमेऱ्यामागच्या माणसाने सवयीने डोळा कॅमेऱ्याला लावला होता. डायरेक्टरने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला केलं. दोरा देवीच्या त्रिशुळाला अडकवला गेला. सेंबगम म्हणाली, "अण्णा—"

"जा, चूळ भरून घे, केस नीट कर," सुडलै म्हणाला. "बस येईल."

मग त्याने ताटातली दुसरी पुडी उचलली आणि कालव्याकडे चालायला लागला.

पुडी बुडताना बांधणारीने बघायची असते, म्हणून आवुडैला मागोमाग जावं लागलं. तिच्या मागे माडत्ती, आणि माडत्तीच्या मागे पाच-सात माणसं. कालवा काठोकाठ भरला होता. पायऱ्यांवर बाकीचे थांबले. आवुडै कडेने खाली, पाण्यापर्यंत गेली. सुडलै कंबरेइतक्या पाण्यात शिरला. त्याने पुडी पाण्यात धरली आणि दाबली. कोवळं पान ओढीत फाटलं, धागा सरकला आणि फुलं वर आली.

पाच तगरी. पांढऱ्याशुभ्र.

पायऱ्यांवरच्या माणसांना सुडलैची पाठ दिसत होती, फुलं दिसत नव्हती. फुलं आणखी चार हात वाहत गेली असती तर सगळ्यांनाच दिसली असती. सुडलैने फुलांकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं, निदान आवुडैला तरी तसं वाटलं. मग त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या डोळ्यांत. मास्तरांनी पाटीवरचं गणित चूक आहे म्हटल्यावर, ते आपल्याला आधीच ठाऊक असलेला शहाणा मुलगा जसा बघतो, तसा तो बघत होता.

तो दोन पावलं सरकला आणि काठ आणि फुलं यांच्यामध्ये उभा राहिला. फुलं वाहत होती तसा तोही सरकत गेला. लव्हाळ्यांपाशी ओढ होती. तिथे फुलं एकेक करून आत खेचली गेली.

"तांबडी होती ना रे?" माडत्तीने पायरीवरून विचारलं.

"तांबडीच होती, आई."

माडत्ती मटकन पायरीवर बसली. "मग देवीने खरंच नाही दिलं म्हणायचं," ती म्हणाली. जरा वेळाने मान हलवायला लागली.

गावाबाहेरच्या वळणावर बसचा हॉर्न वाजला. लोक घाईने देवळाकडे परतले. आवुडै तिथेच उभी राहिली. सुडलै अजून पाण्यात होता. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की देवीची पुडी त्याने डाव्या हाताने बुडवली होती. उजव्या हाताच्या बोटांना त्या दोऱ्याची हळद लागली होती, आणि तो हात त्याने मघापासून पाण्याबाहेर धरला होता.